हिरवळ वाळली तरी चालेल, झाडं जगवा: आमच्या लेआउटच्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
आमच्या लेआउटची गृहनिर्माण संस्था, नागपूर

सप्रेम नमस्कार.

पाणीटंचाईची तुमची सूचना फलकावर लागली आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवरही आली. नळाला एक दिवसाआड पाणी येत असल्यामुळे पावसाळा लागेपर्यंत ओपन स्पेसमधली झाडं, रोपं, कुंड्या आणि गवत यांना पाणी देणं बंद, आणि कुणी देताना दिसल्यास पाचशे रुपये दंड, असं त्यात म्हटलं आहे. शेवटच्या ओळीत मात्र समारंभाच्या लॉनची ‘आवश्यक ती निगा’ संस्थेच्या बोअरवरून राखली जाईल, असंही लिहिलं आहे.

हे पत्र त्या शेवटच्या ओळीबद्दल आहे. सचिवभाऊंशी मी आधी तोंडी बोलले, मग रीतसर अर्ज दिला. अर्जाची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. लॉनवरचे फवारे मात्र फिरतच आहेत. म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुमच्यापैकी दोघांना मी शाळेत विज्ञान शिकवलं आहे, बाकीच्यांच्या घरी माझं येणंजाणं आहे. माझं कुणाशी वैर नाही. पण हा निर्णय चुकीचा आहे आणि तो तातडीने बदलायला हवा.

पाणी जपून वापरा या तुमच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. २०१९ चा जुलै आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नसावं. पाऊस लांबला, शहराला पाणी पुरवणारं पेंच नदीवरचं तोतलाडोह धरण तळाला गेलं आणि सबंध शहराला एक दिवसाआड पाणी घ्यावं लागलं. त्याच नदीवर वरच्या अंगाला, मध्य प्रदेशात चौराईचं धरण झाल्यापासून आपल्याकडे येणारं पाणी घटलं आहे. छिंदवाड्याकडे पाऊस झाला नाही तर धरमपेठेतला नळ कोरडा पडतो, हे त्या वर्षी शहराला कळलं. त्यामुळे कपात करा, अंगणं धुणं बंद करा, गाड्या पाइपने धुणाऱ्यांना दंड करा, नळाच्या लाइनला थेट टिल्लू पंप लावणाऱ्यांचे पंप काढून घ्या. या प्रत्येक गोष्टीत मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

कपात नेमकी कुणाची होते आहे, एवढाच माझा प्रश्न आहे.

समारंभाचं आपलं लॉन अंदाजे ३,००० चौरस फुटांचं, म्हणजे सुमारे २८० चौरस मीटर आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, हे आपण सहावी-सातवीत शिकतो. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात लॉन हिरवंगार ठेवायचं तर दिवसाला किमान ६ मिलिमीटर तरी पाणी द्यावं लागतं. हिशेब होतो रोजचा सुमारे १,७०० लिटरचा. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावं असं सरकारी मानक आहे. म्हणजे बारा माणसांचं पिण्याचं, रांधण्याचं, अंघोळीचं, धुण्याभांड्यांचं सगळं पाणी त्या गवतावर जातं.

आता झाडांचं पाहा. कडुनिंब, करंज, बहावा, कांचन, चिंच मिळून ओपन स्पेसमध्ये साठेक कोवळी झाडं आहेत. लेआउटमधल्या मुलांनी आणि आम्ही मोठ्यांनी मिळून ती लावली. जाळ्या घालून गुरांपासून राखली, पहिले उन्हाळे काढून दिले. एवढ्या वयाच्या झाडाला आळं करून आठवड्यातून दोनदा पंधरा-पंधरा लिटर पाणी दिलं की ते तग धरतं. साठ झाडांचं आठवड्याचं पाणी १,८०० लिटर होतं.

लॉन एका दिवसात पितं तेवढ्यात आपली सगळी झाडं आठवडाभर जगतात. तुम्ही झाडांचं पाणी तोडलं आणि लॉनचं चालू ठेवलं.

गवत आणि झाड यांना एकाच ओळीत बसवलं, तिथेच ही सूचना चुकली आहे. आपल्या लॉनचा बराचसा भाग हरळीचा आहे. ही हरळी काय चीज आहे ते जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. उन्हाळ्यात खोल नांगरट करून तो तिच्या काशा, म्हणजे जमिनीखालची खोडं, उन्हात तापत ठेवतो, वेचून बांधावर फेकतो, तरी मृगाच्या पावसात ती पुन्हा डोकं वर काढते. पाणी तोडलं की हरळी वरून पिवळी पडते, वाळते, मेल्यासारखी दिसते. जमिनीखाली ती जिवंत असते. जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले की आठ-पंधरा दिवसांत पुन्हा हिरवी होते. गेटजवळ ठेकेदाराने मऊ गवताचे जे तुकडे आणून बसवले, ते कदाचित जळतील. जळले तर जुलैत तेवढ्या जागेत हरळीच लावता येईल.

तीन-चार वर्षांचं बहाव्याचं झाड एकदा मुळापासून वाळलं की परत येत नाही. आपली माती काळी, चिकण. पाणी आटलं की ती आकसते आणि भेगाळते. मैदानाच्या पश्चिम कडेला, ट्रान्सफॉर्मरच्या मागे जो करंज आहे, त्याच्या बुडाशी जाऊन पाहा. खोडापासून वीतभर अंतरावर भेग पडली आहे. माझं अख्खं बोट आत जातं. आत वाकून पाहिलं तर बारीक मुळं ताणून तुटलेली, टोकाला काळी पडलेली दिसतात. त्या भेगेतून गरम वारा आत शिरतो आणि खालची उरलीसुरली ओलही जाते. करंजाला खरं तर याच दिवसांत पोपटी पालवी असते. याची पानं कडेने करपून वळली आहेत. शेजारचे दोन कांचन तर काडी मोडून पाहिली तेव्हा आतून कोरडे निघाले. ते गेले आहेत. करंज अजून वाचू शकतो. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की तोही जाईल.

आपल्या राज्यात १९७५ पासून शहरी भागातल्या झाडांच्या जतनाचा कायदा आहे, परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. एखाद्याने रात्रीतून ही साठ झाडं कापली असती तर तुम्हीच पहिल्यांदा पोलीस ठाण्यात गेला असता, याची मला खात्री आहे.

लॉनला पाणी देण्याची रीतही बघा. फवारे दुपारी बारा-साडेबाराला सुरू होतात. त्या वेळी वारा असतो, ऊन डोक्यावर असतं. थेंब गवतावर पडायच्या आधीच बरंच पाणी हवेत विरतं. गेटच्या बाजूचा फवारा तिरपा झाला आहे, त्याचं निम्मं पाणी सिमेंटच्या रस्त्यावर पडून नालीत जातं. चौकीदाराला विचारलं तर तो म्हणाला, सकाळी वीज असली तरी माळी उशिरा येतो आणि मोटर सुरू करायची जबाबदारी त्याच्यावर आहे. माळ्याला मी दोष देत नाही. त्याला कुणी वेळ ठरवून दिलेली नाही, कुणी विचारलेलंही नाही.

बोअरचं पाणी संस्थेचं आहे, नळाचं नाही, मग हरकत काय, असं एका सदस्याने मला ऐकवलं. हरकत अशी की बोअर आपला असला तरी खालचं पाणी आपल्या कुंपणापाशी थांबत नाही. आपल्या भागात खाली बेसाल्टचा काळा खडक आहे. त्यात पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत, आणि तो साठा भरतो तो फक्त पावसाळ्यात. भिंतीपलीकडच्या वस्तीतला हातपंप त्याच साठ्यावर चालतो. आपल्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या, स्वयंपाकाला येणाऱ्या बहुतेक जणी तिथेच राहतात. या दिवसांत त्या पंपाला दांडा मारून मारून हात दुखतात तेव्हा कुठे गुंडभर पाणी निघतं, असं त्या सांगतात. सगळा दोष आपल्या बोअरचा आहे असा दावा मी करणार नाही. पण दुष्काळात खालचं पाणी उपसून गवतावर टाकायचं आणि भिंतीपलीकडे बायका रांगेत उभ्या, हे मला सहन होत नाही.

दंडाबद्दल लिहिताना मला वाईट वाटतं, तरी लिहिते. आतापर्यंत पाइपने गाडी धुणाऱ्या कुणाला दंड झाल्याचं ऐकिवात नाही. दंडाची पहिली चिठ्ठी गेली ती एका घरी कामाला येणाऱ्या ताईंमुळे. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी त्यांनी बादलीत साठवलं आणि जाता जाता बाकाजवळच्या कडुनिंबाला घातलं. कुणीतरी फोटो काढला, तो ग्रुपवर टाकला, खाली ‘नियम सर्वांना सारखे’ असं लिहिलं. घरमालकांनी पाचशे रुपये भरले आणि ते ताईंच्या पगारातून कापले. त्या बाईंनी जे केलं ते टंचाईत प्रत्येक घराने करायला हवं होतं. त्यांचा फोटो अजून ग्रुपवर आहे.

लॉनच्या भाड्यातून चौकीदारांचा पगार निघतो, मे महिन्यात लग्नं असतात आणि पिवळं लॉन कुणी घेणार नाही, असं कोषाध्यक्षांचं म्हणणं आहे. हा मुद्दा खरा आहे, तो मी झटकून टाकत नाही. पण आपल्या लॉनवर झालेलं कोणतंही लग्न आठवून पाहा. मांडववाले आधी सगळ्या गवतावर गालिचे नाहीतर हिरवी मॅट अंथरतात. त्यावर खुर्च्या, त्यावर माणसं. खालचं गवत कुणाला दिसतं? भाडं जागेचं मिळतं, दिव्यांचं आणि स्वयंपाकाच्या शेडचं मिळतं. यंदा मॅट संस्थेने स्वतः पुरवली आणि नोंदणी करतानाच लोकांना टंचाईचं कारण सांगितलं, तर नागपूरचा माणूस समजून घेईल. उन्हाळा त्याच्याही घरी आहे.

मैदानांच्या पाण्यावरून या राज्यात याआधीही मोठा वाद झाला आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागत होतं. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले. त्यात आपल्या नागपूरचेही सामने होते. तेव्हा मैदानाला प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरू, अशी तयारी आयोजकांनी दाखवली होती. तरी दुष्काळात गवताला पाणी द्यावं का, हा प्रश्न न्यायालयाने गंभीरपणे घेतला. आपण तर जमिनीतलं चांगलं पाणी घालतो आहोत.

वापरलेल्या पाण्याचा विषय निघालाच आहे, तर आपल्या शहराने त्यात केलेलं कामही पाहावं. भांडेवाडीला शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया होते आणि ते पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. तेवढं धरणाचं पाणी वाचतं. साठ झाडांसाठी आपल्याला यंत्रणाही लागणार नाही. लेआउटमध्ये ऐंशी घरं आहेत. प्रत्येक घराने आठवड्याला पंधरा लिटरच्या दोन बादल्या दिल्या तर २,४०० लिटर होतात. झाडांना १,८०० पुरतात. बोअर सुरूच करायला नको. डाळ-तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी सगळ्यात उत्तम. अंघोळीचं पाणी साबण कमी असेल तर मोठ्या झाडांना चालतं. आरओमधून बाहेर पडणारं आणि कूलरच्या टाकीत तळाला उरणारं पाणी खारट असतं, ते एकाच रोपाला रोज घालू नये. फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरावं आणि तेवढं नळाचं पाणी वाचवावं. ब्लीच किंवा फिनाइल मिसळलेलं पाणी झाडाला मुळीच नको. कोणत्या दिवशी कोणत्या रांगेतल्या घरांनी कोणतं झाड सांभाळायचं, याचा तक्ता मी तयार केला आहे. तो अर्जासोबत जोडला होता.

पानांविषयीही सांगायचं आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या जुन्या कडुनिंबांची पानगळ होते तेव्हा माळी पानांचा ढीग करतो आणि कोपऱ्यात पेटवतो. उघड्यावर असं जाळायला २०१६ पासून राष्ट्रीय हरित लवादाची देशभर बंदी आहे. त्याहून महत्त्वाचं, हीच पानं आळ्यात चार बोटं जाडीने पसरली असती तर माती झाकली गेली असती, ओल टिकली असती आणि करंजाच्या बुडाशी ती भेग एवढी रुंदावली नसती. अजूनही मैदानाच्या कडेला, नालीत, गच्च्यांवर भरपूर वाळलेला पाला आहे. एका रविवारी मुलांना हाताशी घेतलं तर अर्ध्या दिवसाचं काम आहे.

शेवटची तक्रार विहिरीची. ओपन स्पेसच्या मागच्या कोपऱ्यात लेआउट पडायच्या आधीची, शेताची जुनी विहीर आहे. चांगली दगडी बांधणीची. तिच्यात आता घरं पाडल्याचा मलबा, निर्माल्य आणि प्लास्टिक आहे, वर पत्रे टाकले आहेत. ती साफ करण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत झाला, इतिवृत्तात त्याची नोंद आहे. पुढे काहीच झालं नाही. लॉनचे फवारे आणि दिवे मात्र त्यानंतर आले. नागपूरला वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या एका गच्चीवरून, गळती-बाष्पीभवन वजा करूनही, सत्तर हजार लिटर पाणी मिळू शकतं. आपलं ते सगळं रस्त्यावरून नाग नदीकडे वाहून जातं. विहिरीजवळच्या दहा घरांच्या गच्च्या जरी गाळणी लावून तिला जोडल्या तर पुढच्या उन्हाळ्यात मला असं पत्र लिहावं लागणार नाही.

आता मागण्या.

समारंभाच्या लॉनला पाणी देणं आजपासून, पाऊस येईपर्यंत, पूर्ण बंद करा. फवाऱ्यांची मोटर काढून खोलीत ठेवा. नोंदणी झालेल्या समारंभांसाठी मॅटची सोय करा. त्यासाठी वर्गणी लागली तर माझी पहिली घ्या.

सूचनेतून ‘झाडे, रोपे’ हे शब्द काढा. तीन-चार वर्षांच्या झाडांना संध्याकाळी उन्हं उतरल्यावर, बादलीने, वापरलेलं पाणी द्यायची परवानगी लेखी द्या. तक्त्याप्रमाणे घरं कमी पडली तरच बोअरचं पाणी वापरा, तेही मोजून.

ताईंचे पाचशे रुपये परत करा, आणि ज्या ग्रुपवर त्यांचा फोटो टाकला त्याच ग्रुपवर तो काढून दिलगिरी व्यक्त करा. दंडाचा नियम ठेवायचाच असेल तर तो पाइप, टिल्लू पंप आणि वाहत्या टाक्यांसाठी ठेवा. ज्यांच्या टाकीचं पाणी गच्चीवरून धो धो पडतं ती घरं सगळ्यांना माहीत आहेत.

बोअर रोज किती वेळ चालला, टँकर किती आले, त्यांचे पैसे किती दिले, हे फलकावर दर आठवड्याला लिहा. सभासदांचा पैसा आहे आणि टंचाईत पाण्याचा हिशेब पैशांइतकाच चोख हवा. भिंतीपलीकडच्या वस्तीतला पंप आटला तर ठरावीक वेळ आपल्या बोअरच्या नळावर त्यांना पाणी भरू द्यावं, असंही मला वाटतं. यावर मतभेद होतील, पण सभेत चर्चा तरी होऊ द्या.

विहिरीचा गाळ आणि मलबा पावसाळ्याआधी काढा. ठराव झालेलाच आहे, नव्या मंजुरीची गरज नाही.

आणि पावसाळ्यानंतर लॉनचं क्षेत्र निम्म्यावर आणण्याचा विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवा. उरलेल्या जागेत सावलीची झाडं आणि बाक येतील. ४५ अंशांच्या शहरात म्हाताऱ्यांना संध्याकाळी बसायला गवतापेक्षा सावली लागते.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता ओपन स्पेसमध्ये विशेष सभा बोलवा, ही विनंती. सभेची नोटीस शुक्रवारपर्यंत फलकावर लागली नाही, तर सभासदांच्या सह्यांचं मागणीपत्र मी नियमाप्रमाणे सचिवांकडे देईन. सह्या गोळा करायला सुरुवात केली आहे. सभा झाली किंवा नाही झाली, रविवारी सातला मी बादली घेऊन ट्रान्सफॉर्मरमागच्या करंजापाशी असेन. दंडाची चिठ्ठी माझ्या नावाने फाडायची असेल तर तिथे यावं.

आपली,
लेआउटची एक सभासद व निवृत्त शिक्षिका